दहा जहाजांचा सेनापती

इ. स. पू. ४८० च्या उन्हाळ्यात युबीया बेटाच्या उत्तर टोकाला, आर्टेमिसियमच्या किनाऱ्यावर ग्रीकांचे आरमार गोळा झाले होते. समोरून इराणचा सम्राट झर्क्सीस याचा अफाट ताफा येत होता. इतिहासकार हिरोडोटसने ग्रीक जहाजांची शहरवार मोजदाद देऊन ठेवली आहे. एकूण २७१ ट्रायरीम, म्हणजे वल्ह्यांच्या तीन रांगांची लढाऊ जहाजे. त्यांपैकी १२७ एकट्या अथेन्सची. याशिवाय अथेन्सने आपली आणखी २० जहाजे खाल्किस शहराच्या लोकांना चालवायला दिली होती. स्पार्टाची जहाजे होती फक्त १०. आणि या सगळ्या आरमाराचा सेनापती होता युरिबायडीस, एक स्पार्टन.

हे कसे झाले, हे हिरोडोटसच सांगतो. आरमाराचे प्रमुखपद अथेन्सला द्यावे, अशी चर्चा आधी निघाली होती. पण मित्रराज्यांनी स्पष्ट सांगितले की पुढारी स्पार्टन नसेल, तर अथेन्सच्या मागे जाण्यापेक्षा आम्ही आरमार मोडून घरी जाऊ. अथेन्सने हट्ट सोडला. आपसांत भांडत बसलो तर ग्रीस बुडेल, हे त्यांनी ओळखले आणि निम्मी जहाजे आपली असतानाही ते दहा जहाजांच्या मालकाच्या हुकुमाखाली लढायला तयार झाले.

ग्रीक लोक या पुढारपणाला ‘हेगेमोनिया’ म्हणत आणि पुढाऱ्याला ‘हेगेमोन’. स्वतंत्र राज्ये एकत्र येतात, तेव्हा कोणी तरी पुढे चालावे लागते. त्याने किती पुढे चालावे, कुठवर चालावे आणि मागच्यांनी कधी थांबावे, हा प्रश्न ग्रीकांनी दीडशे वर्षे घासूनपुसून पाहिला. आर्टेमिसियमचा प्रसंग मी आधी घेतला, कारण या कल्पनेचे मूळ त्यात उघडे दिसते. सर्वांत बलवान तोच पुढारी, असा हिशेब तिथे नव्हता. ज्याला बाकीचे मानतात तो पुढारी, असा होता. स्पार्टाचे पायदळ ग्रीसमध्ये सर्वोत्तम होते, त्याच्याभोवती जुन्या मित्रराज्यांचे कडे होते, आणि शेजारच्यांना स्पार्टाची सवय झालेली होती. अथेन्सचे आरमार मात्र नवे होते. लॉरियनच्या खाणीत सापडलेल्या चांदीतून ते जेमतेम दोनतीन वर्षांपूर्वी बांधले गेले होते. नव्या बळाची लोकांना भीती वाटते.

पुढारपणाची किंमत ग्रीकांना किती वाटत होती, हे सिराक्यूजच्या गेलॉनकडे मदत मागायला गेलेल्या वकिलांच्या कथेवरून कळते. सिसिलीतला हा सत्ताधीश २०० जहाजे आणि २०,००० जड पायदळ द्यायला तयार होता. अट एकच होती, सेनापती मी. स्पार्टाच्या वकिलाने ती झिडकारली. मग गेलॉन खाली उतरला आणि जमीन किंवा समुद्र, दोहोंपैकी एकाचे तरी प्रमुखपद द्या म्हणाला. आता अथेन्सचा वकील उठला आणि म्हणाला की समुद्रावर स्पार्टा पुढे असेल तर आमची हरकत नाही, पण स्पार्टाला ते नको असेल तर हक्क आमचा, दुसऱ्या कोणाचा नाही. वकील रिकाम्या हाताने परतले. आर्गॉस शहरानेही निम्मे प्रमुखपद मागितले आणि ते न मिळाल्यावर युद्धात भागच घेतला नाही. शत्रू दारात असताना माणसे अशी वागली, याचा आपल्याला अचंबा वाटतो. पण त्या शहरांच्या जागी उभे राहून पाहिले, तर त्यात वेडेपणा नव्हता. आज युद्धापुरता हुकूम मानला, तर उद्या शांततेतही मानावा लागेल का, ही धास्ती त्यामागे होती. पुढच्या साठ वर्षांनी ती खरी ठरवली.

आधी स्पार्टाची पद्धत पाहू, कारण ग्रीकांच्या मनातला नमुना तोच होता. पेलोपोनीज द्वीपकल्पातली बहुतेक राज्ये स्पार्टाशी करार करून बांधलेली होती. आज इतिहासकार त्याला पेलोपोनीजचा संघ म्हणतात; त्या काळचे लोक ‘लॅकेडायमॉनी (म्हणजे स्पार्टन) आणि त्यांचे मित्र’ एवढेच म्हणत. कराराचा गाभा असा, की ज्याला स्पार्टा मित्र मानेल तो आमचा मित्र, ज्याला शत्रू मानेल तो आमचा शत्रू, आणि जमिनीवर असो की समुद्रावर, स्पार्टा नेईल तिकडे आम्ही जाऊ. वाचताना ही पूर्ण शरणागती वाटते. व्यवहारात तसे नव्हते. मोठ्या युद्धाआधी सभा बोलवावी लागे आणि तिच्यात लहानमोठ्या प्रत्येक राज्याला एकच मत असे. बहुमताचा निर्णय सर्वांवर बंधनकारक होता. मात्र देवांचा किंवा वीरपुरुषांचा अडथळा आला तर तो मोडायची मुभा होती, आणि ४२१ मध्ये कॉरिंथने नेमकी ती पळवाट वापरली. स्पार्टा नियमित खंडणी घेत नसे. मित्रराज्यांनी आपापली माणसे पाठवायची, आपापल्या खर्चाने.

कॉरिंथ तर स्पार्टालाही अडवू शकत असे. इ. स. पू. ५०६ च्या सुमारास स्पार्टाचा राजा क्लिओमेनीस मित्रांचे सैन्य घेऊन अथेन्सवर निघाला; कशासाठी, ते त्याने सांगितलेच नाही. एल्युसिसला पोचल्यावर कॉरिंथच्या लोकांना हे काम अन्यायाचे वाटले आणि ते माघारी फिरले. स्पार्टाचा दुसरा राजा डेमॅरॅटस त्यांच्या पाठोपाठ गेला, मग इतरही गेले, आणि स्वारी तिथेच संपली. थोड्या वर्षांनी स्पार्टाने अथेन्सचा हाकललेला हुकूमशहा हिप्पियास याला परत बसवायचा घाट घातला. या वेळी मात्र आधी सभा भरवली. तिच्यात कॉरिंथचा सोक्लीस विरोधात बोलला, बाकीचे त्याच्या बाजूने झाले आणि स्पार्टाने बेत सोडून दिला.

स्पार्टा फार उदार होता, असा अर्थ यातून कोणी काढू नये. आपल्याला सोयीची, मोजक्या श्रीमंतांची सरकारे मित्रराज्यांत टिकावीत याची तो काळजी घेत असे. शिवाय घरात हेलट गुलामांची मोठी संख्या होती आणि त्यांच्या बंडाची भीती कायम असे, त्यामुळे सैन्य फार दूर आणि फार दिवस ठेवणे स्पार्टाला परवडत नव्हते. म्हणजे त्याच्या संयमामागे नाइलाजही होता. तरी मित्रराज्यांच्या दृष्टीने परिणाम चांगला होता. त्यांच्या हातात स्वतःची शस्त्रे होती आणि मनात आले तर घरी निघून जायची वाट होती.

प्लॅटियाच्या मैदानात ४७९ मध्ये इराणी सैन्य मोडले, तेव्हा ग्रीकांचा सेनापती होता स्पार्टाचा पॉसेनियस. लुटीच्या दशांशातून डेल्फीच्या मंदिरात सोन्याची तिवई अर्पण झाली. ती एकमेकांत गुंफलेल्या तीन सापांच्या काशाच्या स्तंभावर बसवली होती. पॉसेनियसने तिच्यावर आपल्या एकट्याच्या नावाचा लेख कोरून घेतला, जणू विजय त्याचाच. स्पार्टाने तो लगेच खरवडून काढला आणि युद्धात उतरलेल्या शहरांची नावे कोरवली. सापांच्या वेटोळ्यांवर ३१ नावे आहेत. सर्वांत वर लॅकेडायमॉनी, मग अथेनियन, मग कॉरिंथियन, आणि खाली ज्यांनी मूठभर माणसे पाठवली अशी छोटी गावेही. सोने पुढे लुटले गेले, पण स्तंभ उरला. सम्राट कॉन्स्टंटाइनने तो आपल्या नव्या राजधानीत नेला, आणि इस्तंबूलची निळी मशीद पाहायला जाणाऱ्याला जुन्या घोडदौडीच्या मैदानात तो आजही उभा दिसतो. सापांची डोकी गेली आहेत. एकत्र लढण्याचा ग्रीकांच्या मनातला अर्थ या नावांच्या यादीइतका स्वच्छ मला दुसरीकडे कुठे दिसत नाही.

तो स्तंभ आज ज्या शहरात आहे, तिथेच स्पार्टाने समुद्रावरचे पुढारपण घालवले. ४७८ मध्ये पॉसेनियस मित्रांचे आरमार घेऊन बायझॅंटियमला होता. त्याचा तोरा वाढत गेला. चरित्रकार प्लुटार्क लिहितो की शिक्षा म्हणून तो माणसांना खांद्यावर लोखंडी नांगर देऊन दिवसभर उभे करी. स्पार्टन माणसांचे होईपर्यंत कोणाला अंथरुणासाठी गवत किंवा पिण्याचे पाणी घेऊ देत नसे, आणि जवळ येणाऱ्यांना नोकर चाबकाने हाकलत. आयोनियाच्या आणि बेटांवरच्या ग्रीकांनी अथेन्सच्या सरदारांना गाठले आणि म्हटले, तुम्ही आमचे नातेवाईक, पुढारपण तुम्ही घ्या. स्पार्टाने पॉसेनियसला परत बोलावले आणि डॉर्किस नावाचा दुसरा माणूस पाठवला. मित्रांनी त्याला मानले नाही आणि तो तसाच परतला. स्पार्टाने पुन्हा कोणाला पाठवले नाही.

एक थेंब रक्त न सांडता एका राज्याकडून दुसऱ्याकडे पुढारपण गेले. ज्यांनी ते दिले होते, त्यांनीच ते काढून घेतले.

अथेन्सच्या नव्या संघाची बैठक डेलॉस बेटावर होई, आणि तिजोरीही तिथेच अपोलोच्या देवळात होती. सभासदांनी शपथा घेतल्या आणि लोखंडाचे गोळे समुद्रात सोडले. हे लोखंड वर येऊन तरंगेपर्यंत आमची मैत्री टिकेल, असा त्याचा अर्थ. मग हिशेबाचे काम अथेन्सच्या ॲरिस्टायडीसकडे आले. कोणत्या शहराने जहाजे द्यायची, कोणी पैसे, आणि किती, हे त्याने ठरवले. इतिहासकार थ्युसिडिडीसच्या मते पहिली आकारणी ४६० टॅलेंट होती. टॅलेंट म्हणजे सुमारे २६ किलो चांदी, किंवा ६,००० ड्रॅक्मा. दोनशे माणसांचे एक ट्रायरीम जहाज महिनाभर चालवायला, दिवसाला माणशी एक ड्रॅक्मा धरला, तर साधारण एवढेच लागत. या आकारणीबद्दल कोणी कुरकुर केली नाही. ॲरिस्टायडीसचा न्यायीपणा पुढे म्हणीसारखा झाला.

आता जे घडले ते समजून घेण्यासारखे आहे. जहाज द्यायचे म्हणजे आपली दोनशे माणसे दर उन्हाळ्यात घराबाहेर. शेती, ऑलिव्हची झाडे, मुलेबाळे सोडून दूरच्या समुद्रात वल्ही मारायची. इराणचा धोका जसजसा लांबला, तसतशी ही मोहीम नकोशी झाली. एकामागून एक शहराने अथेन्सला सांगितले की माणसे आणि जहाजे नकोत, आम्ही पैसे देतो. अथेन्सला आनंदच झाला. त्या पैशातून अथेन्सने स्वतःची जहाजे बांधली आणि स्वतःच्या गरीब नागरिकांना वल्ह्यांवर बसवून पगार दिला. अथेन्सची माणसे वर्षानुवर्षे सराव करत राहिली आणि मित्रशहरांची माणसे घरी बसून तो विसरली. थ्युसिडिडीसने याचा दोष सरळ मित्रराज्यांवर ठेवला आहे. त्यांनीच स्वतःच्या पैशाने दुसऱ्याचे आरमार वाढवले, आणि बंड करायची वेळ आली तेव्हा त्यांच्याकडे ना तयारी होती, ना अनुभव. मला त्याचा हा ठपका थोडा कठोर वाटतो. लहान शहराला दोनशे तरुण दर वर्षी देणे खरोखर जड होते. पण त्याचे निदान अचूक आहे. पुढारपणाचे राज्यात रूपांतर करण्याचा ठराव अथेन्समध्ये कधीच मांडला गेला नाही. ते दर वर्षीच्या सोयीच्या व्यवहारांतून झाले, आणि त्या व्यवहारांना दोन्ही बाजूंची संमती होती.

ही संमती मागे घ्यायला कोणी निघाला, की सोयीचे खरे रूप दिसे. ४७० च्या आसपास नॅक्सॉस बेट संघातून बाहेर पडायला निघाले. अथेन्सने वेढा घालून ते परत आणले. करार मोडून जिंकले गेलेले हे पहिले मित्रशहर. ४६५ मध्ये थॅसॉस बेटाचे अथेन्सशी भांडण झाले, ते समोरच्या किनाऱ्यावरच्या बाजारपेठा आणि खाण यांवरून. इराणचा त्यात काही संबंध नव्हता. तिसऱ्या वर्षी थॅसॉस शरण आले. तट पाडले, जहाजे दिली, खाण सोडली. ४५४ मध्ये इजिप्तमधली मोहीम फसल्याच्या सुमारास तिजोरी डेलॉसहून अथेन्सला आली. सुरक्षिततेचे कारण देता येण्यासारखे होते. पण ती परत कधी गेली नाही.

त्या वर्षापासूनचा हिशेब आपल्या डोळ्यांसमोर आहे. खंडणीचा साठावा भाग अथेना देवीला, म्हणजे टॅलेंटमागे १०० ड्रॅक्मा, आणि तेवढ्या रकमांची यादी दगडावर कोरून अक्रॉपोलिसवर लावलेली. पहिल्या पंधरा वर्षांच्या याद्या साडेतीन मीटरहून उंच अशा एकाच प्रचंड शिळेच्या चारी बाजूंना कोरल्या आहेत. तुकडे जुळवून उभी केलेली ती शिळा अथेन्सच्या शिलालेख संग्रहालयात आहे. बारीक अक्षरांच्या रांगा, डावीकडे आकडा, उजवीकडे शहराचे नाव. एजायनासारख्या मोठ्या बेटाच्या नावापुढे हजाराचे चिन्ह तीनदा, म्हणजे ३,००० ड्रॅक्मा देवीला आणि खंडणी ३० टॅलेंट. कॅरियाच्या किनाऱ्यावरच्या खेड्यांपुढे काही मोजकीच चिन्हे. तेवढे देतानाही त्या खेड्यांनी वर्षभर विचार केला असेल. डेल्फीच्या स्तंभावरही शहरांची नावे होती आणि इथेही शहरांचीच आहेत. तिथे ती युद्धात उतरल्याबद्दल कोरली होती, इथे पैसे भरल्याबद्दल.

खंडणी वसंतात, डायोनिससच्या मोठ्या उत्सवाला अथेन्सला पोचवायची असे. नाट्यगृह भरले की ती रक्कम टॅलेंटा-टॅलेंटाने रंगभूमीवर आणून दाखवत, असे अथेन्सचा लेखक आयसॉक्रेटीस पुढे खेदाने लिहितो. प्रेक्षकांत मित्रशहरांची माणसेही बसलेली असत. पॅनाथेनियाच्या उत्सवाला प्रत्येक शहराने एक गाय आणि एक चिलखताचा संच आणायचा. गंभीर खटले अथेन्सच्या न्यायसभांकडे वळवले गेले. लोकशाहीवर राग असलेल्या एका अनामिक अथेनियनाचे छोटे लिखाण उरले आहे. मित्रशहरांची माणसे खटल्यासाठी अथेन्सला येतात, त्यामुळे बंदराचा कर वाढतो, ज्यांच्याकडे भाड्याची खोली किंवा ओझ्याचे जनावर आहे त्यांची कमाई होते, हे तो बारकाईने नोंदवतो. आणि पुढे सांगतो की न्यायसभेत जाणाऱ्या अथेनियनाचा, मग तो कोणीही असो, हात धरून मित्रशहराचा माणूस गयावया करतो. इराणी आरमाराविरुद्ध सलामिसच्या लढाईत शेजारच्या वल्ह्यावर बसलेल्यांची नातवंडे आता अशी समोरासमोर आली होती.

दुसरी बाजूही आहे आणि ती सांगितली पाहिजे. समुद्रावरचे चाचे हटले, व्यापार वाढला, इराणचे जहाज एजियन समुद्रात दिसेनासे झाले. बऱ्याच शहरांत सामान्य लोकांना आपल्या गावच्या श्रीमंतांपेक्षा अथेन्स जवळचे वाटत होते, कारण अथेन्स लोकशाहीच्या पाठीशी उभे राही. पार्थेनॉन पाहताना आपण जे हरखून जातो, त्याच्या खर्चाचा वाद त्या काळीही झाला होता. मित्रांच्या पैशाने अथेन्स स्वतःला नटवत आहे, असा विरोधकांचा आरोप होता. आम्ही त्यांचे रक्षण करतो, मग पैशाचा हिशेब देण्याचे कारण नाही, असे अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याचे उत्तर होते. उत्तर हुशारीचे आहे, पण संघाच्या मूळ कल्पनेला ते सोडून जाते. हिशेब द्यायचा नसेल, तर मित्र हा शब्दच उरत नाही. पेरिक्लीसला हे माहीत होते. थ्युसिडिडीसने त्याच्या तोंडी घातलेल्या शेवटच्या भाषणात तो अथेन्सच्या लोकांना स्वच्छ सांगतो की तुमची सत्ता आता हुकूमशाहीसारखी झाली आहे. ती घेणे अन्यायाचे असेल, पण सोडणे धोक्याचे आहे.

अथेन्स आणि स्पार्टा यांचे युद्ध चालू असताना, ४२८ मध्ये, लेस्बॉस बेटावरच्या मिटिलीनीने बंड केले. हे साधे शहर नव्हते. स्वतःचे आरमार शिल्लक असलेली फक्त दोन बेटे तेव्हा संघात उरली होती, कीऑस आणि लेस्बॉस. मिटिलीनीचे वकील ऑलिंपियाला स्पार्टाकडे मदत मागायला गेले. तिथे त्यांनी केलेला युक्तिवाद थ्युसिडिडीसने दिला आहे, आणि हेगेमोनियाच्या कल्पनेची मित्रराज्याच्या बाजूने केलेली ती सर्वांत नेमकी मांडणी आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. आम्ही अथेन्सशी मैत्री केली ती इराणपासून ग्रीकांना सोडवण्यासाठी, अथेन्सच्या हाताखाली ग्रीकांना घालण्यासाठी नाही. ते बरोबरीने पुढारपण करत होते तोवर आम्ही मनापासून मागे गेलो. मग इराणशी वैर ढिले पडले आणि मित्रांना गुलाम करायचा उद्योग वाढला. प्रत्येकाला एकेक मत असल्यामुळे आम्हाला एकत्र येऊन अडवता आले नाही. आम्हाला शेवटपर्यंत मोकळे ठेवले, ते आमच्या संमतीचा दाखला बाकीच्यांना दाखवता यावा म्हणून. समान भीती हाच मैत्रीचा एकमेव भरवसा, असेही ते म्हणाले.

मिटिलीनी ४२७ मध्ये पडले. अथेन्सच्या सभेने संतापात ठराव केला की सर्व प्रौढ पुरुषांना मारा, बायकामुलांना विका. जहाज निघालेसुद्धा. दुसऱ्या दिवशी लोकांचे मन खाऊ लागले आणि सभा पुन्हा भरली. क्लिऑन नावाच्या पुढाऱ्याने ठराव बदलू नका म्हणून सांगितले. तुमची सत्ता हुकूमशाहीच आहे आणि दया तिला परवडत नाही, असे त्याचे म्हणणे. डायोडोटस नावाच्या माणसाने विरोध केला. दयेचा शब्द न काढता तो अथेन्सच्या फायद्यावर बोलला. निरपराधांनाही मारलेत, तर उद्या बंड करणारे शहर शेवटपर्यंत लढेल, आणि प्रत्येक शहरातले सामान्य लोक जे आज तुमच्या बाजूचे आहेत, ते शत्रू होतील. हात वर झाले, दोन्ही बाजू जवळपास सारख्या, आणि डायोडोटस निसटता जिंकला.

लगेच दुसरे जहाज निघाले. पहिले सुमारे एक दिवस आणि एक रात्र पुढे गेलेले. मिटिलीनीच्या वकिलांनी खलाशांसाठी दारू आणि जवाचे पीठ दिले, वेळेत पोचलात तर मोठे बक्षीस कबूल केले. माणसे वल्ही मारता मारताच दारू आणि तेलात मळलेले पीठ खात होती, पाळीपाळीने झोपत होती. वारा आडवा आला नाही, आणि पहिले जहाज असल्या कामावर सावकाश चालले होते. पहिले पोचले, सेनापती पॅकीसने हुकूम वाचला, अंमल सुरू करणार तेवढ्यात दुसरे बंदराला लागले. शहर वाचले. तरी बंडाचे पुढारी म्हणून हजारावर माणसे मारली गेली, तट पाडले, जहाजे काढून घेतली आणि जमिनीचे ३,००० भाग करून ३०० देवांना व उरलेले अथेन्सच्या नागरिकांना दिले. लेस्बॉसचे शेतकरी आपलीच जमीन कसून त्यांना खंड देऊ लागले.

पुढचे मी भराभर सांगतो. ४०४ मध्ये अथेन्स स्पार्टाशी चाललेले युद्ध हरले. बासऱ्यांच्या सुरांवर त्याचे तट पाडले गेले, आणि आजपासून ग्रीसला स्वातंत्र्य, असे लोकांना वाटले. ते वाटणे फार टिकले नाही. स्पार्टाच्या लायसॅंडरने जागोजागी आपल्या दहा-दहा माणसांची मंडळे बसवली, वर स्पार्टन अधिकारी आणि त्याची तुकडी. खंडणीही सुरू झाली. ३८६ मध्ये इराणच्या राजाशी तह करून आशियातले ग्रीक त्याला देऊन टाकले, आणि ३८२ मध्ये शांततेच्या काळात थीब्जचा किल्ला बळकावला. ज्या स्पार्टाचा संयम आदर्श मानला जाई, त्याने वीस वर्षांत अथेन्सलाही मागे टाकले. नाइलाज संपला, तसा संयमही संपला.

याच टप्प्यावर अथेन्सने एक विलक्षण गोष्ट केली, आणि तिची दखल शाळेच्या पुस्तकांत क्वचितच येते. ३७७ मध्ये ॲरिस्टॉटलीस नावाच्या नागरिकाने (तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल वेगळा) मांडलेल्या ठरावाची शिळा अगोरात, म्हणजे शहराच्या चौकात, मुक्तिदाता झ्यूसच्या पुतळ्याजवळ उभी राहिली. तिचे तुकडे सापडले आहेत. नव्या संघात येणाऱ्या प्रत्येक शहराला हमी दिली होती. ते स्वतंत्र राहील. त्याला हवी ती राज्यव्यवस्था ठेवील. त्याच्याकडे अथेन्सची शिबंदी येणार नाही, अधिकारी येणार नाही, खंडणी नाही. कोणताही अथेनियन, खाजगी किंवा सरकारी, त्याच्या हद्दीत घर वा जमीन घेणार नाही, विकत नाही आणि गहाणही नाही. या कलमांना धक्का लावणारा ठराव मांडणाऱ्याचे नागरिकत्व जाईल, मालमत्ता जप्त होईल. मित्रांचे स्वतंत्र मंडळ अथेन्समध्येच बसे, आणि त्यात अथेन्सला जागा नव्हती.

जुन्या संघाची एकेक जखम या कलमांतून वाचता येते. जमिनीचे कलम वाचताना मिटिलीनीचे ते ३,००० भाग आठवल्यावाचून राहत नाही. पुढारपणाच्या मर्यादा एका बलवान राज्याने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या चौकात कोरून ठेवाव्यात, याचे दुसरे उदाहरण त्या काळात मला माहीत नाही. खाली आणि डाव्या बाजूला शहरांची नावे, वेगवेगळ्या हातांनी, जसजशी ती आली तशी. एक नाव मात्र कोणी तरी खोडून टाकले आहे.

वीस वर्षांत हाही संघ विटला. थोडे पैसे लागतच होते. ते वर्गणी म्हणून गोळा होऊ लागले. अथेन्सच्या सेनापतींना पगारी सैनिक पोसायला पैसा पुरेना, म्हणून ते दिसेल तिथून उकळू लागले. ३६५ मध्ये अथेन्सने सॅमॉस घेतले आणि तिथे आपले नागरिक जमिनी देऊन बसवले. सॅमॉस संघात नव्हते, म्हणून कलम मोडले नाही. पण बाकीच्या बेटांनी जे ओळखायचे ते ओळखले. ३५७ मध्ये कीऑस, ऱ्होड्स, कॉस आणि बायझॅंटियम बाहेर पडले. दोन वर्षे युद्ध झाले आणि अथेन्सला त्यांना सोडावे लागले. तेव्हा ऐंशीच्या घरात असलेल्या आयसॉक्रेटीसने आपल्या नागरिकांना सांगितले की समुद्रावरच्या सत्तेचा मोह सोडा, आपला नाश तिनेच केला. त्याच माणसाने २५ वर्षांपूर्वी अथेन्सचा पुढारपणाचा हक्क मोठ्या अभिमानाने मांडला होता. आता तो राज्य करणे आणि हुकूमशाही यांत फरक करत होता. पहिल्यात हाताखालच्यांचे भले पाहायचे असते, दुसऱ्यात त्यांच्या कष्टांवर आपली चैन करायची असते. ॲरिस्टॉटलनेही पुढे ‘राज्यशास्त्र’ या ग्रंथात युद्धशिक्षणाचे हेतू सांगताना हीच रेघ ओढली. आधी स्वतः गुलाम होऊ नये, मग पुढारपण मिळवावे ते पाठीमागे येणाऱ्यांच्या हितासाठी, सर्वांवर मालकी गाजवण्यासाठी नव्हे.

ॲरिस्टॉटलचा जन्म मॅसिडोनियाच्या सरहद्दीजवळचा, आणि त्याच मॅसिडोनियाचा राजा दुसरा फिलिप याने ३३८ मध्ये कायरोनियाला अथेन्स आणि थीब्ज यांना हरवून या जुन्या कल्पनेचा सगळा सांगाडा उचलला. कॉरिंथला सभा, राज्यांचे प्रतिनिधी, स्वातंत्र्याची हमी, समान शत्रू इराण, आणि सभेने निवडलेला हेगेमोन. तो अर्थात फिलिप. शपथेचा एक तुकडा अथेन्समध्ये सापडला आहे. त्यात शांततेच्या कलमांबरोबर फिलिप आणि त्याच्या वंशजांचे राज्य उलथणार नाही, असेही वचन आहे. पुढारपण आता वारसाने जाणार होते. एकटा स्पार्टा या सभेला आला नाही. ३३५ मध्ये थीब्जने बंड केले आणि फिलिपचा मुलगा अलेक्झांडर याने ते जिंकले, तेव्हा शिक्षेचा निर्णय त्याने आपल्या बरोबरच्या मित्रराज्यांवर सोपवला. त्यांत थीब्जचा जुना राग असलेले शेजारी होते. शहर जमीनदोस्त झाले, माणसे विकली गेली, आणि निर्णय मित्रांचा होता. मित्रांच्या मतांची ढाल करून पुढाऱ्याने आपले काम उरकायचे, हा या कल्पनेचा शेवटचा आणि सर्वांत वाईट उपयोग मला वाटतो.

३२३ मध्ये अलेक्झांडर बॅबिलॉनला मेला. अथेन्सने पुन्हा मित्र गोळा केले, पुन्हा त्यांचे मंडळ बसवले आणि मॅसिडोनियाविरुद्ध युद्ध पुकारले. पुढच्या वर्षी क्रॅनॉनच्या लढाईनंतर त्यांचे वकील मॅसिडोनियाच्या अँटिपेटरकडे तहासाठी गेले. सर्वांच्या वतीने एकत्र तह करायला त्याने नकार दिला. प्रत्येक शहराने आपापले वेगळे येऊन बोलावे, असे सांगितले. एकेक शहर वेगळे गेले आणि वेगळे सुटले. अथेन्सची पाळी शेवटी आली. मतदानाचा हक्क श्रीमंतांपुरता उरला, आणि म्युनिखियाच्या टेकडीवर, अथेन्सच्या बंदराच्या डोक्यावर, मॅसिडोनियाची शिबंदी येऊन बसली.